पुतळामामी आणि खाडीत पडलेलं विमान

माझ्या मामीला माणसांची किळस होती. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई तुसडी असेल, सोवळ्याओवळ्याची असेल. तसं काहीच नव्हतं. तिचा सगळा जन्म चिखलात गेला. निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, उन्हात नासलेला जवळा, यातल्या कशाच्या वासानं तिचं नाक कधी वाकडं झालं नाही. पण आमच्या गावातल्या काही पुरुषांच्या हातचं पाणी ती पीत नसे. त्यात तिचा स्वतःचा नवरा होता, माझा सख्खा मामा, गोटीराम.

मामीचं नाव पुतळा. माहेर दिवाळे गावचं, सासर वाशीगावचं. तेव्हाची वाशी म्हणजे आमची कोळ्यांची आणि आगऱ्यांची घरं, मिठागरं, भाताची खाजणं आणि समोर खाडी. माझी आई कमळी ही गोटीरामची बहीण. तिला गावातच दिलेली, त्यामुळे नणंद-भावजय रोज ओहोटीला बरोबरच चिखलात उतरायच्या. त्या चिखलात नुसतं चालायला गेलं तर माणूस मांडीपर्यंत रुततो. म्हणून बायका एक लांब फळी घ्यायच्या, एक गुडघा तिच्यावर टेकवायचा आणि दुसऱ्या पायानं चिखल मागे रेटत सरकत जायचं. टोपली पुढ्यात. मामी या फळीवर इतकी भराभर जायची की पुरुषही तिच्या मागे पडायचे, असं आई सांगायची.

सत्तावन-अठ्ठावनच्या सुमाराची गोष्ट. पलीकडे ट्रॉम्बेच्या काठाला तेलाच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या होत्या. त्याच दिवसांत सैन्याचं एक विमान खाडीवर घिरट्या घालायला लागलं. जाडजूड पोटाचं, दोन इंजिनांचं. त्याचं मूळ काम समुद्रावर गस्त घालायचं. पण तेलाच्या टाक्यांना आग लागली तर वरून पाणी ओतून ती विझवता येईल का, हे बघायचं कोणाच्या तरी मनात आलं, आणि त्याच्या पोटात पाण्याची मोठी टाकी बसवली गेली. खाडीच्या मधोमध तराफ्यावर तेलात भिजवलेली पोती पेटवायची, विमानानं खाली यायचं आणि पाणी सोडायचं, असा सराव चालायचा. पाणी तराफ्यावर क्वचितच पडायचं. बहुतेकदा ते आमच्या जाळ्यांच्या खुंटांवर नाहीतर चिखलात बसलेल्या बायकांच्या डोक्यावर पडायचं. गावात त्याला मुतरं विमान म्हणायचे.

पहिला अपघात थंडीच्या दिवसांत झाला. सकाळची ओहोटी होती. मामी आणि आई निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, धरत होत्या. विमान नेहमीसारखं खाली आलं, पण त्याचा आवाज मध्येच अर्धा झाला. आईनं वर बघितलं तर एका बाजूचा पंखा थांबलेला. ते दोघींच्या डोक्यावरून गेलं, पोटावर चिखलात आपटलं आणि चिखलाची भिंत उडवत, तिवरं मोडत दूरवर घसरत जाऊन थांबलं. मामीनं टोपली तिथंच टाकली आणि फळी तिकडे वळवली.

आत तीन माणसं होती. पुढची दोघं आपली आपण बाहेर आली आणि पंखावर बसून राहिली. तिसरा मागच्या अंगाला अडकला होता. दार वाकलं होतं आणि तो आतून ठोकत होता. मामीनं फुटक्या खिडकीतून हात घालून त्याला काखेत धरून बाहेर ओढला. बाहेर येताच तो तिच्या लुगड्यावर भडाभडा ओकला. तिनं चिखलाच्या पाण्यानंच त्याचं तोंड धुतलं, त्याला फळीवर आडवा केला आणि ढकलत ढकलत बांधापर्यंत आणला. गावचे पुरुष तोवर बांधावर जमले होते. पुढच्या दोघांना त्यांनी होडीतून आणलं.

पुढं शाळेसमोर साहेब लोक आले, भाषणं झाली. गावातलं मोठं माणूस म्हणजे धर्मराज पाटील. हार त्यांच्या गळ्यात पडला. मामीला कोणी बोलावलं नाही आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणायची, हार घालून घेत बसले असते तर निवट्या कुनी इकल्या असत्या.

पण त्या विमानानं गावाला एक वाईट सवय लावली. त्याचे भाग सुटे करून ते दुरुस्तीला नेईपर्यंत बरेच दिवस गेले. टाकीतलं इंधन खाडीत सोडून दिलं होतं, त्यामुळे मासळीला घासलेटचा वास यायचा आणि बाजारात बायका पाटी हुंगून पुढं जायच्या. इकडे पुरुष संधी साधून विमानाचा पत्रा उचकटत होते. हलका, पांढरा, न गंजणारा पत्रा. पनवेलच्या भंगारवाल्याला तो हवाच असे. काहींनी त्याचे टोप ठोकून घेतले. गोटीराममामानंही एक टोप आणला. मामीनं त्यात भात शिजवला. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. टाकून दिलेला पत्रा उचलला, एवढंच.

ज्याला तिनं ओढून काढलं होतं, तो महिन्याभरानं गावात आला. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात एक लुगडं आणि नारळ. नाव वामन. देवगडकडचा. विमानात टाकीचं पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. वडील नव्हते, घरी आई आणि काका. मामीला तो ताई म्हणायला लागला. सुटी मिळाली की तो वाशीत यायचा, माझ्या आईच्या आणि मामीच्या ओट्यावर बसायचा, चिंबोरीचं कालवण खायचा आणि आमच्या बोलीची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. मामीला मूल नव्हतं, भाऊही नव्हता. वामन येणार म्हटलं की ती चिंबोऱ्यांतली सगळ्यात मोठी बाजूला ठेवायची.

त्यानंच एकदा सांगितलं की विमान दुरुस्त झालंय आणि परत तेच काम करणार आहे. टाकीला खाली दोन झडपा होत्या. त्यातली एक अडकायची. मग एका बाजूचंच पाणी सुटायचं आणि विमान दुसऱ्या बाजूला कलंडायचं. ते सावरताना इंजिनावर ताण यायचा. वामननं वरच्या लोकांना हे दोनतीनदा सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं, मोठ्या पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायचंय, ते होऊन जाऊ दे, मग बघू.

मामीनं विचारलं, "मग तू कशाला बसतंस त्यान?"

"मी नाही बसलो तर दुसऱ्या कोणाला तरी बसवतील, ताई," तो म्हणाला, आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला.

ते प्रात्यक्षिक एकसष्ट साली झालं. पलीकडच्या काठाला मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, हे आमच्या बाजूनंही दिसत होतं. ओहोटी जवळजवळ पूर्ण झाली होती. तराफा पेटला, विमान खाली आलं, पाणी सोडलं. पाणी एकाच अंगानं सुटलं. विमान कलंडलं, त्याचा पंख पाण्याला लागला आणि ते मधोमध मोडलं. पुढचा भाग खोल पाण्यात गेला. शेपटीकडचा भाग आमच्या बाजूच्या चिखलाच्या उंचवट्यात रुतून बसला.

पलीकडून सैन्याची लाँच निघाली. ती पुढच्या तुकड्यापाशी गेली आणि तिथंच शोधत राहिली. ओहोटीमुळे तिला चिखलाकडे येता येत नव्हतं, आणि सगळे तिथंच बुडाले असं त्यांनी धरलं असावं. आमच्या गावच्या होड्या मात्र उथळ पाण्यात जाणाऱ्या. हाळी झाली तसे पुरुष धावले. होडीत त्यांनी आधी पहारी आणि कुऱ्हाडी टाकल्या. आई म्हणायची, तेव्हा आम्हाला वाटलं, माणसं सोडवायला घेतायत.

मामी आणि आई दूरच्या तिवरांजवळ होत्या. त्या फळ्यांवरून निघाल्या, पण अंतर बरंच होतं. दोघी तिथं पोचल्या तेव्हा होड्या परत निघाल्या होत्या. भरलेल्या होत्या. पत्रा, तारांची वेटोळी, बसायच्या गाद्या, हवाई छत्रीचं रेशमी कापड. गोटीराममामा एका होडीत पत्र्यांच्या ढिगावर बसला होता. त्यानं बायकोला बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. मामीला वाटलं, आत कोणी उरलं नसेल.

ती आत शिरली तर वामन होता. जिवंत. टाकीची लोखंडी चौकट त्याच्या मांडीवर येऊन पडली होती आणि तो कमरेपर्यंत पाण्यात बसल्यासारखा अडकला होता. तोंड पांढरंफटक. त्यानं तिला ओळखलं.

"ताई," तो म्हणाला, "मी त्यांना हाका मारल्या. एकानं माझा हात धरला. मला वाटलं, ओढून काढतोय."

मामीनं त्याचा हात बघितला. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा गोरा वण होता. घड्याळ नव्हतं.

हे सांगताना मामी नेहमी या जागी थांबायची. रडायची नाही. तोंडात काहीतरी कडू आल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा.

दोघींनी चौकट उचलायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. ती उचकटायला पहार हवी होती, आणि पहारी होड्यांतून गेल्या होत्या. मामीनं आईला होड्यांच्या मागे पाठवलं. आई फळीवरून पाण्याच्या काठापर्यंत गेली आणि ओरडली, माणूस जिता हाय, पहार घेऊन फिरा. होड्या फार लांब गेल्या नव्हत्या. त्यांनी ऐकलं, हे आई शपथेवर सांगायची, कारण दोनतीन डोकी मागे वळली होती. एका होडीतल्या हिरामण नावाच्या कोळ्यानं तेवढा हात वर केला. पण तोही लगेच वळला नाही. होडी भरलेली आहे, रिकामी करून येतो, असं तो ओरडला आणि आधी बांधाकडे गेला.

तोवर भरती सुरू झाली होती. आमच्या खाडीत पाणी चढायला लागलं की बघता बघता चढतं. मामी वामनच्या मागे बसली, त्याचं डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि हनुवटी वर उचलून धरली. तो अधूनमधून बोलत होता. आंब्याच्या बागेचं काहीतरी, काकाचं काहीतरी. पाणी गळ्याशी आलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या आईला हे असं सांगू नका. तिला म्हणावं, लगेच गेला." मामीनं हो म्हटलं.

मामी स्वतःच्या नाकाशी पाणी येईपर्यंत तशीच धरून बसली होती. आईनं तिला बाहेर ओढलं. मामी परत आत जायला बघत होती आणि आई तिला सोडत नव्हती. हिरामण पहार घेऊन आला तेव्हा त्या तुकड्याचा नुसता वरचा कडा पाण्याबाहेर होता. तो होडीत पहार धरून उभा राहिला आणि मग खाली बसला.

मामी ओल्या लुगड्यानिशी घरी आली. गोटीराममामा आंघोळ करून, कपाळाला अंगारा लावून जेवायला बसला होता. विमानाच्या पत्र्याचा टोप चुलीवर होता. तिनं विचारलं, घड्याळ कुठंय. त्यानं आधी कुठलं घड्याळ म्हटलं. मग म्हणाला, "तो जगनार नव्हता."

"कुनी सांगला तुला?"

"पाय बघितलास ना त्याचा?"

म्हणजे त्यानं पाय बघितला होता. चौकट बघितली होती, हातात पहार होती, आणि मनगटावरचा पट्टा सोडवायला त्यानं जेवढा वेळ घेतला तेवढा वेळही त्यानं त्या चौकटीसाठी दिला नव्हता. मामी उंबऱ्यावर ओकली. आई सांगायची, पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी पडत होतं, तरी ती थांबत नव्हती. मग तिनं आपली फळी, टोपली आणि दोन लुगडी उचलली आणि ती आमच्या घरी राहायला आली. त्या घरात ती परत निजली नाही.

थोड्या दिवसांनी चौकशीला साहेब आले. चावडीत टेबल मांडलं, कारकून बसला. विमानाचे कुठले कुठले भाग गायब आहेत हे त्यांना हवं होतं. गावानं एकजुटीनं सांगितलं, आम्हाला काही माहीत नाही, सगळं भरतीनं नेलं. बायकांना चावडीत बोलवायची रीत नव्हती. मामी न बोलावता गेली. धर्मराज पाटलांनी डोळे वटारले, तिनं तिकडे बघितलं नाही. ज्या ज्या होड्या निघाल्या होत्या, त्यांत जे जे बसले होते, त्या सगळ्यांची नावं तिनं घेतली. पहिलं नाव नवऱ्याचं घेतलं.

कारकून लिहीत होता. मग ती म्हणाली, माणूस जिता होता. आणि म्हणाली, टाकीची झडप अडकते हे त्यानं तुमच्या लोकांना आधीच सांगितलं होतं, मना सोताच्या तोंडानं बोललेला. साहेबांनी हात वर करून कारकुनाला थांबवलं.

"ते आमचं आम्ही बघू, बाई. पत्रा कोणाकोणाच्या घरात आहे, तेवढंच सांगा."

मामीनं त्या साहेबांकडे बघितलं. इस्त्रीचे कपडे, पुसून लखलखीत केलेले बूट, आणि बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून खाली अंथरलेलं गोणपाट. ती पुढं म्हणायची, घरचे चोर तरी उघड्यावर चोरतात, या माणसानं माझ्यासमोर बसून वामनचं बोलणं गिळलं आणि त्याला ढेकरही आली नाही.

पोलीस घरोघर फिरले. पत्रे काढले, तारा काढल्या, चुलीवरचे टोपसुद्धा उतरवून नेले. दोघातिघांना थोबाडीत बसली आणि सोडून दिलं. घड्याळ मिळालं नाही, गोटीराममामानं ते खाडीत फेकून दिलं होतं. विमान का पडलं याचं कारण पुढं असं कळलं की वारा उलटा होता. त्या दिवशी वारा नव्हता. पेटलेल्या तराफ्याचा धूर सरळ वर चालला होता, हे खाडीच्या दोन्ही काठांवरच्या सगळ्यांनी बघितलं होतं.

गावानं मामीला वाळीत टाकलं. विहिरीवर चढू देईनात, तिची मासळी घेईनात, तिच्याशी बोलणाऱ्याला दंड. माझ्या वडिलांना धर्मराज पाटलांनी बोलावून सांगितलं की बायकोच्या भावजयीला घरात ठेवायचं असेल तर तुम्हीही वाळीत. वडील गरीब स्वभावाचे, घाबरले. आई घाबरली नाही. तिनं मागच्या पडवीला वेगळं दार केलं आणि सांगितलं, ती माझ्या घरात नाही, पडवीत राहते. मामी पाणी जुहूगावाहून आणायची. माणसांचं न बोलणं तिला जाचलं नाही. तिला जाचत होतं ते निराळंच. ते लोक हसत होते, लग्नं लावत होते, नारळी पुनवेला होड्या रंगवत होते. त्यांच्या कुणाच्याही तोंडाची चव गेलेली नव्हती.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर वामनची आई आली. बरोबर वामनचे काका. म्हातारीला मुलगा गेला ती जागा बघायची होती. धर्मराज पाटलांनी त्यांना आपल्या ओटीवर बसवलं, चहा दिला आणि गाव कसं जिवावर उदार होऊन होड्या घेऊन धावलं ते सांगितलं. म्हातारीनं विचारलं, वामन जिला ताई म्हणायचा ती कुठं आहे. मग माणूस पाठवून मामीला बोलावणं भाग पडलं. निरोप आणणाऱ्यानं जाता जाता सांगितलं, पाटील म्हणतात, म्हातारीच्या जिवाला लागेल असं काही बोलू नकोस.

मामी गेली, बरोबर माझी आईही गेली. म्हातारी उठून तिच्याजवळ आली, तिचे दोन्ही गाल हातात धरले.

"तू होतंस मगे त्येच्या वांगडा?"

"होते, आई. त्याच्याबरोबरच होते."

"त्येका खूप त्रास जालो काय गो?"

ओटीवर सगळे बसले होते. धर्मराज, गोटीराम, हिरामण, होड्यांतले बाकीचे. सगळे मामीच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "नाय. लगेच गेला. मी हात धरलेला होता."

म्हातारी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडली. मग तिनं डोळे पुसले आणि बरोबरची पिशवी उघडली. त्यात आलं-गुळाचं खाजं होतं, गावाहून करून आणलेलं. धर्मराज पाटलांनी सांगितलं, हे बसलेत ना, हेच सगळे त्या दिवशी धावले होते. आणि म्हातारी एकेकासमोर जाऊन, वाकून, प्रत्येकाच्या हातावर खाजं ठेवायला लागली. हिरामणनं हात पुढं केला नाही, तो उठून ओटीखाली उतरला. गोटीरामनं हात पुढं केला. त्याच हातात म्हातारीनं खाजं ठेवलं, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सुखी रव, बाबा."

त्यानं ते तोंडात टाकलं आणि चावलं.

मामी ते बघत उभी होती. तिनंच शब्द दिला होता, तिनंच तोंड मिटलं होतं, आणि तिच्या मिटलेल्या तोंडाच्या आडोशाला ती माणसं खाजं खात होती. आई सांगायची, मामीचा हात माझ्या दंडावर होता, दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं झालं होतं. शेवटी मामी पुढं झाली, म्हातारीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, चला आई, भरती लागंल. होडी हाकायला खाली हिरामण तयारच होता. त्यानं म्हातारी, काका आणि मामी अशा तिघांना खाडीत नेलं. म्हातारीनं नारळ सोडला. मामीनं तिला जागा बरोबर दाखवली.

ते लोक गेले, त्याच आठवड्यात मामी दिवाळ्याला माहेरी निघून गेली आणि तिथंच राहिली. ओहोटीला चिखलात जायची, सकाळी बेलापुरात नाहीतर पनवेलला मासळी विकायची. गोटीराममामा दोनतीनदा तिला न्यायला गेला. शेवटच्या खेपेला आई बरोबर होती, म्हणून त्या वेळचं बोलणं मला ठाऊक आहे. मामीनं त्याला बाहेरच्या दगडावर बसवलं.

ती म्हणाली, "म्हातारीनं डोक्यावर हात ठेवला, तवा तरी बोलायचा होतास."

"तू पन कुटं बोललीस?"

मामी म्हणाली, "नाय बोलले. त्या दिसाची मना माजीच किळस येते. पन मी तुज्यासाटी गप नव्हते बसले."

मामा उठला आणि गेला. त्यानंतर त्यानं दुसरी बायको केली.

अडुसष्ट साली देवगडहून काकांचा निरोप आला की वामनची आई गेली. मामीनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि सख्ख्या आईचं पाळावं तसं सुतक पाळलं. सुतक फिटल्यावर ती आईला म्हणाली, आता मी कुनाची बांधलेली नाय.

त्याच उन्हाळ्यात वाशीत लग्न होतं, आमच्या चुलत घरातलं. वाळीत टाकल्याचं तोवर लोक विसरले होते, किंवा विसरल्यासारखं करत होते, आणि आईनं मामीला आग्रहानं बोलावलं. मांडवात नव्या मुलीकडचे पाहुणे बसले होते. धर्मराज पाटील त्यांना जुनी हकीकत सांगत होते, विमान पडलं तेव्हा गाव कसं धावलं. मामी बायकांतून उठली आणि पुढं जाऊन उभी राहिली.

"पाटील, अर्धी सांगू नका," ती म्हणाली. "पुडची मी सांगते."

आणि तिनं सांगितली. होडीतल्या पहारी, मनगटावरचा वण, फिरलेल्या माना, गोणपाटावरचा साहेब, म्हातारीचं खाजं. आवाज न चढवता, एकेकाचं नाव घेऊन. नावं घेतलेले निम्मे लोक मांडवात होते. गोटीराममामा वाढप करत होता, हातात वरणाची बादली होती. त्यानं बादली खाली ठेवली आणि मागच्या अंगानं निघून गेला. धर्मराज पाटील मध्येच बोलायला गेले, तर पाहुण्यांतली एक म्हातारी त्यांना म्हणाली, तिला बोलू दे. कोणीच मध्ये पडलं नाही. हिरामण खांबाला टेकून उभा होता. मामी त्याच्या नावाशी आली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "होय. मी आदी होडी रिकामी केली." एवढंच म्हणाला.

सांगून झाल्यावर मामीनं पदर सारखा केला. पाहुण्यांचे चेहरे बदलले होते. लग्न मोडतं की काय, असं माझ्या वडिलांना वाटलं. मोडलं नाही. नवरीचा बाप फक्त उठला आणि पाटलांच्या शेजारची जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसला. बायकांची पंगत बसली तेव्हा मामी पानावर बसली. आई तिच्या एका बाजूला बसली आणि दुसऱ्या बाजूला ती पाहुण्यांतली म्हातारी येऊन बसली. मामी पोटभर जेवली. भात दोनदा मागून घेतला.